दोनशे सीसीत भागतं का? सह्याद्री, स्पिती आणि हलक्या गाड्या

गडवाट्या · बुधवार, २१:४०

पावसाळा तोंडावर आला की इथे एकच धागा वेगवेगळ्या आयडींनी निघतो: "डोंगरात फिरायला ॲडव्हेंचर बाईक घ्यायची आहे, ४५० घेऊ की अजून पैसे साठवून साडेसहाशे घेऊ?" प्रत्येक ठिकाणी तेच तेच टंकून बोटं दुखली, म्हणून हा वेगळा धागा.

माझं म्हणणं असं. ज्याला खरोखर डांबर सोडायचंय, आणि तेही बहुतेक वेळा एकट्याने, त्याने सीसीचा तक्ता मिटून ठेवावा आणि वजनाचा उघडावा. कच्च्या रस्त्यावर गाडी आडवी होणार, हे धरूनच निघायचं. ती झाल्यावर आजूबाजूला चिटपाखरू नसताना आपल्याला उचलता येते का, यावर गाडी ठरवायची. बाकी सगळं नंतर.

पेट्रोल, ऑइलसकट वजनं बघा. रॉयल एनफिल्डची जुनी हिमालयन ४११, १९९ किलो. नवी ४५०, १९६. केटीएम ३९० ॲडव्हेंचर, २०२० साली आली ती, १७७. हिरो एक्सपल्स २००, चार व्हॉल्व्हवाली, १५८ च्या आसपास. कावासाकी केएलएक्स २३०, १३९. आणि ज्या गाडीचे फोटो बघून आपण सगळे या नादाला लागलो ती बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस, २४९. एक्सपल्स आणि जीएस यांच्यात नव्वद किलो! मागे एक न दिसणारा पैलवान बसवून घाट चढण्यातला प्रकार.

हे वजन नडतं कुठे? वेल्हे, भोर, मुळशी या पट्ट्यात धनगरवाड्यांकडे जाणारे बरेच रस्ते मुरमाचे आहेत. पहिल्या दोन-चार पावसांत त्यांच्या मधोमध पाण्याने चर पडते. चढावर पुढचं चाक त्या चरीत गेलं, इंजिन बंद पडलं, की पाय टेकायला जावं तर खाली जमीनच नसते, हातभर खड्डा असतो. अशा वेळी पुढचा ब्रेक आवळून काही होत नाही. चढावर वजन मागच्या चाकावर गेलेलं असतं, त्यामुळे पुढचं चाक लॉक होऊनही गाडी तशीच मागे घसरत येते. पहिला गिअर ठेवायचा, क्लच सोडून द्यायचा. बंद इंजिनच मागचं चाक धरून ठेवतं. मग उतरायचं. इथपर्यंत कुठल्याही गाडीला लागू. पण यानंतर दीडशे किलोची गाडी शेजारून चालत, अर्ध्या क्लचवर वर नेता येते. दोनशे किलोचीही नेता येते असं सांगणारे पुष्कळ भेटलेत. नेताना अजून कुणी दिसलं नाही.

"ताकद कमी पडत नाही का?" हा पुढचा प्रश्न. एक्सपल्सला १९ हॉर्सपॉवर. सुट्या दगडांवर आपण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ताशी वीस-पंचवीसने चाललेलो असतो. तिथे चाळीस हॉर्सपॉवरमधले उरलेले एकवीस फक्त मागचं चाक जागेवर फिरवायच्या कामी येतात. कामाला येतं ते २१ इंची पुढचं चाक, जमिनीपासून २२० मिमी उंची आणि पुढे १९०, मागे १७० मिमी खालीवर होणारं सस्पेन्शन. हे सगळं त्या दोनशेच्या गाडीत आहे.

हायवेवर ही गाडी कंटाळवाणी आहे, हे आधीच कबूल. ऐंशी-पंच्याऐंशीला ती खूश असते, त्यापुढे हँडल आणि फूटरेस्ट झिणझिणायला लागतात. ज्यांना दर शनिवारी पुणे-कोल्हापूर करायचंय त्यांच्यासाठी हा धागा नाही. बाकीच्यांनी लिहा: कुठली गाडी, कुठे अडकली, कशी काढली.

धुरळा · बुधवार, २२:०५

वाचतोय. वाचनखूण साठवली. आमच्या घरी "कुठली घ्यायची" इथपर्यंत चर्चा पोहोचतच नाही, "घ्यायचीच का" इथे अडकते. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

हायवेकर · बुधवार, २३:१८

लेख झकास, पण गडवाट्याभाऊ, मधला रस्ता कुणी कापायचा? पुण्याहून मनाली, हिमाचलात स्पितीचा रस्ता जिथून लागतो ते, दोन हजार किलोमीटरच्या घरात. त्यातला कच्चा रस्ता शून्य. ऐंशीने चाललात की मागून ट्रक दिवे मारतो, एसटी चेपून पुढे जाते, आणि आडवा वारा सुटला की हलकी गाडी लेन सोडून सरकते. हलकेपणाचा तोटाही असतो, तो कुणी लिहीत नाही.

दुसरं, मी ४११ चालवतो. आकडा वजनाचाच का बघायचा? तिला ३२ न्यूटन मीटर टॉर्क आहे आणि तो चार हजार आरपीएमच्या आसपास मिळतो. एक्सपल्सचा १७ आणि तो साडेसहा हजारांना. म्हणजे खंबाटकीत मागे बायको आणि दोन बॅगा असताना तुम्ही तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन किंचाळवत चढणार, मी चौथ्यात गाणं म्हणत. माझ्या गाडीचं वजन खाली बसवलेलं आहे, चालताना ते जाणवतही नाही.

आणि "एकट्याने" ही अट तुम्ही घातलीत म्हणून तुमचं गणित जुळलं. आम्ही तीन-चार जण असतो. पडली तर दोघे उचलतात, तिसरा फोटो काढतो.

गडवाट्या · गुरुवार, ०८:३०

@हायवेकर, मागे माणूस बसवायचा असेल तर तुमचंच बरोबर, वादच नाही. छोट्या गाडीवर मागच्या माणसाचे हाल होतात, सीटही लोकलच्या चौथ्या सीटइतकीच मिळते.

पण चालत्या गाडीत वजन जाणवत नाही, थांबल्यावर जाणवतं, आणि अडचण नेमकी थांबल्यावरच येते. हायवेचा पेच मला मान्य आहे. त्यावर काही लोक रेल्वे पार्सलचा मार्ग काढतात: टाकी पूर्ण रिकामी करून, गाडी पोत्यात बांधून, आरसी आणि विम्याच्या झेरॉक्स जोडून चंदीगडपर्यंत. चार महिने आधी ठरवणाऱ्यांना जमतं. आपल्यासारख्यांना नाही.

अवांतर: वाळवंटातल्या डकार रॅलीतसुद्धा २०११ पासून सगळ्या मोटरसायकली ४५० सीसीच्या आतच असतात. २०१५ मध्ये ती पूर्ण करणारा पहिला भारतीय सी. एस. संतोष, आणि २०२४ मध्ये रॅली-२ गट जिंकणारा हरिथ नोआ, दोघेही ४५० वरच.

हायवेकर · गुरुवार, ०९:०२

डकारवाल्यांच्या दिमतीला रोज रात्री मेकॅनिकचा ताफा असतो. माझ्या दिमतीला वहिनींचा फोन असतो, "कुठे पोचलात?" उदाहरण बदला.

जुना राजदूत · गुरुवार, १०:४७

तुम्हा पोरांची चर्चा वाचून करमणूक झाली. आम्ही जुन्नरचे. राजदूत १७५ वर नाणेघाटाच्या पठारापर्यंत, आहुप्याला, माळशेज उतरून मुरबाडला, सगळीकडे गेलो. दहा हॉर्सपॉवरसुद्धा नव्हती तिला. पंपावर पेट्रोल भरलं की ऑइलचं माप ओतून घ्यायचं आणि गाडी हलवून घ्यायची, एवढाच काय तो सोपस्कार. नंतर आरएक्स १०० आली, १९८५ ला. शंभर किलोच्या आसपास वजन. तिने आमच्या भागातल्या दूधवाल्यांची पिढी पोसली. दोन बाजूला दोन कॅन, वर गवताचा भारा, पायात स्लीपर, आणि जिथे तुम्ही आज "ट्रेल" म्हणून व्हिडिओ काढता त्या वाटेने पहाटे साडेचारला खाली. त्यांना टॉर्क विचारा.

एक काळ्या मातीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मुरूम-दगड ठीक आहे, पण पठाराखाली, नगर-मराठवाड्याकडे पावसात काळ्या रानात गाडी घातलीत तर माती चाकाला चिकटते, मडगार्डखाली घट्ट बसते, आणि चाक फिरायचंच थांबतं. ढकलायलाही येत नाही. शेतकरी पोरं पावसाळ्यात पुढचं मडगार्ड काढूनच ठेवतात ते यासाठी. तुमच्या नव्या गाड्यांना चोचीसारखं वर मडगार्ड असतं, ते शोभेचं नाही. ज्याला चाकाला चिकटून मडगार्ड आहे त्या गाडीने काळ्या मातीच्या नादी लागू नये, मग ती कितीही लाखांची असो. असली माती काठीने खरवडून काढायची. काठी नसेल तर बोटांनी, आणि मग नखं आठवडाभर काळी.

कार्ब्युरेटरवाल्यांसाठी: हिमालयात उंचीवर हवा विरळ, मिश्रणात पेट्रोल जास्त होतं, प्लग काळा पडतो, गाडी धूर टाकते. आम्ही लहान जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, घालायचो. फ्युएल इंजेक्शनवाली गाडी हे आपलं आपण जमवून घेते. पण कमी झालेली ताकद काही परत येत नाही.

धुरळा · गुरुवार, ११:१०

काका, दंडवत! वेगळा धागा काढा प्लीज.

मुक्ता_नाशिक · गुरुवार, १३:२५

सगळ्यांचं वाचतेय. माझी उंची पाच फूट एक इंच. आत्ता ११० ची स्कूटर चालवते, त्र्यंबक-जव्हार रस्ता त्यावर पाठ झालाय. वजनाचं पटलं, पण हलक्या म्हणता त्या गाड्यांची सीट बघा की! एक्सपल्स ८२३ मिमी, केएलएक्स तर ८८० म्हणे. शोरूममध्ये बसून बघितलं तर दोन्ही पायांचे फक्त अंगठे टेकतात. सेल्समन म्हणाला, "मॅडम, तुम्हाला ही नाही जमणार, ती बघा," आणि एक गुलाबी स्कूटर दाखवली. गुलाबीच का, हा वेगळा प्रश्न.

सीट कापून घ्यावी का? मागच्या सस्पेन्शनची लिंक बदलून गाडी खाली बसवतात म्हणे, ते करावं का? आणि गाडी उचलायची म्हणजे नेमकं कसं, कुणी नीट लिहील का? व्हिडिओत सगळे सहा फुटी दणकट गोरे असतात.

गडवाट्या · गुरुवार, २०:१५

@मुक्ता, आधी उचलायचं सांगतो, ताकदीपेक्षा पद्धत महत्त्वाची.

गाडी पडली की पहिल्यांदा इंजिन बंद. पेट्रोल गळत असतं, त्यामुळे लगेच उभी करावीशी वाटते, पण दोन श्वास घ्या. उतारावर पडली असेल आणि चाकं वरच्या बाजूला असतील तर ती तशी उचलायच्या फंदात पडू नका. सीटला किंवा मागच्या रॅकला धरून जमिनीवरच फिरवा, चाकं खालच्या बाजूला येईपर्यंत. हलकी गाडी अशी सहज फिरते, आणि जड गाडीशी हाच सगळ्यात मोठा फरक. मग गिअर टाका म्हणजे ती पुढेमागे पळणार नाही. उजव्या कुशीवर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे जाते. हे एकदा तरी प्रत्येकाचं होतं.

आता गाडीकडे पाठ करा. बूड सीटच्या कडेला लावा. जे हँडल जमिनीकडे आहे ते पूर्ण वळवून एका हाताने धरा, दुसऱ्या हाताने रॅक किंवा सीटखालची नळी. पाठ ताठ, गुडघे वाकलेले, आणि लहान लहान पावलं टाकत मागे चालायचं. कंबरेने उचलायचं नाही, मांड्यांनी ढकलायचं. सामान बांधलेलं असेल तर आधी सोडा, त्यात कसला कमीपणा.

उंचीचं: दोन्ही पाय पूर्ण टेकायची गरज नसते. थांबताना बूड एका बाजूला सरकवून एक पाय भक्कम टेकवायचा, दुसरा फूटरेस्टवर. स्कूटरवरून आल्यावर सुरुवातीला विचित्र वाटतं, मग सवय होते. सीटचा फोम थोडा कापून घ्यायला हरकत नाही. लिंक बदलण्याबद्दल मात्र मी नाही म्हणेन. गाडी खाली बसते तशी जमिनीपासूनची उंचीही जाते, इंजिनचं पोट दगडांवर आपटतं, आणि ज्यासाठी ही गाडी घेतली तेच जातं.

आणि शोरूम बदला.

पान्हा_पक्कड · गुरुवार, २२:५०

कऱ्हाडजवळ गॅरेज आहे माझं. तुम्ही लोक गाडी घेताना महिनाभर अभ्यास करता आणि निघताना पंक्चरचं सामान विसरता, म्हणून लिहितो.

तारांच्या चाकात ट्यूब असते हे डोक्यात ठेवा. ट्यूबलेसचा दोरा घालून चालायचं नाही. दोन टायर लिव्हर पाहिजेत, तिसरा असला तर सोन्याहून पिवळं. ट्यूब एकच न्यायची असेल तर पुढची, २१ इंची न्या. अडीअडचणीला तीच मागच्या १८ इंची चाकात कशीबशी बसवता येते, गावात पोचेपर्यंत काम होतं. उलटं नाही होत. टायर रिमवरून सुटत नसेल तर चाक खाली ठेवून दुसऱ्या गाडीचा साइड स्टँड टायरच्या कडेवर ठेवा आणि ती गाडी त्यावर कलती करा, फटकन सुटतं. नवीन ट्यूब घालताना आधी थोडी हवा भरा म्हणजे लिव्हरमध्ये चिमटत नाही. पंक्चर काढताना नवी ट्यूब चिमटून फोडणारे रोज येतात माझ्याकडं.

चिखलात हवा कमी करतात, ते बरोबर. पण ट्यूबवाल्या टायरात फार कमी केली तर टायर रिमवर सरकतो, ट्यूबला ओढून नेतो आणि व्हॉल्व्ह मुळातून तुटतो. अठरा पीएसआयच्या खाली जाऊ नका, आणि डांबर लागलं की आधी हवा भरा, मग चहा.

क्लच आणि ब्रेकचे लिव्हर जादा न्या, ते सगळे सांगतात. न सांगितलेली गोष्ट सांगतो: हँडलवर लिव्हरचा जो क्लॅम्प असतो त्याचे बोल्ट गच्च आवळू नका. हाताने जोर लावला तर फिरेल इतपतच ठेवा. गाडी पडली की लिव्हर फिरतो, मोडत नाही. दोन मिनिटांचं काम आहे, फुकट आहे.

ओढ्यात गाडी बंद पडली आणि पाणी एअर फिल्टरपर्यंत गेलं असेल तर सेल्फ दाबायचा नाही म्हणजे नाही. सिलिंडरात पाणी असलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, गाडी गिअरमध्ये घालून ढकला किंवा प्लग बाहेर ठेवून सेल्फ मारा, पिचकारी उडते. फिल्टर पिळा. मग प्लग लावा. छोट्या गाडीत हे सगळं एका प्लग-पान्ह्यात आणि एका स्क्रू ड्रायव्हरात होतं. मोठ्या गाडीत प्लग दिसायच्या आधी टाकी काढावी लागते, मग आम्हाला फोन येतो, मग टोचन.

चेन घट्ट ठेवायची हौस असते पोरांना. सस्पेन्शन लांब असलं की चाक वर गेल्यावर चेन ताणते. सामान बांधून, माणूस वर बसवून मग ढिलाई बघा.

धुरळा · शुक्रवार, ००:१२

क्लॅम्पचं वाचून आत्ता पार्किंगमध्ये जाऊन बोल्ट सैल करून आलो. माझी गाडी १०० सीसी आहे आणि ती ऑफिसला जाते. असो.

तळकोकणी · शुक्रवार, ०९:४४

गाडीवर पुष्कळ झालं, आता जमिनीवर बोलूया. हलकी गाडी कुठेही जाते, हाच आमचा ताप झालाय.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातले सडे तुम्हाला मोकळं मैदान वाटतं. त्या जांभ्या कातळावर कातळशिल्पं आहेत: कशेळी, बारसू, उक्षी, कितीतरी ठिकाणी. जमिनीच्याच पातळीत, बोटभर खोल कोरलेली. पावसाळ्यात वर शेवाळ आणि गवत असतं, गाडीवरून दिसतही नाहीत. २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत आणि त्यावरून जाड गुठळ्यांचे नॉबी टायर फिरतात. कास पठाराला कुंपण घालायची वेळ का आली ते साताऱ्याच्या लोकांना विचारा.

किनाऱ्यावर गाडी घालणं तर बंदच करा. वेळासला ऑलिव्ह रिडलेची घरटी वाळूत पाऊण-एक हात खोल असतात. चाकोरी पडली की पिल्लांना ती ओलांडून समुद्राकडे जाता येत नाही. आणि वाळूत रुतलेली गाडी काढायला शेवटी आमचाच बैल किंवा ट्रॅक्टर.

कोयना, चांदोली, राधानगरी, भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, ही अभयारण्यं किंवा राष्ट्रीय उद्यानं आहेत. आत रस्ता दिसतो म्हणून तो तुमच्यासाठी आहे असं नाही. वनखात्याची चौकी असेल तिथे विचारा, नसेल तर गावात विचारा.

विचारणाऱ्याला आम्ही नाही म्हणत नाही. पाणंदीने गाडी नेऊ का, एवढं विचारलं तर लोक पुढे येऊन गडग्यातली, म्हणजे दगडी कुंपणातली, काठी काढून देतात. सायलेन्सर बदलून भल्या पहाटे वाडीतून बोंबलत गेलात तर पुढच्याला दगड मिळणार. हलक्या गाडीचा एक फायदा मात्र मान्य: जेटीवर. दिघी-आगरदांडा, वेसवी-बागमांडले, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, फेरीबोटी धरत सगळा किनारा करता येतो. गाड्यांची रांग असली तरी खलाशी छोट्या गाडीला कोपऱ्यात सरकवून घेतो, मोठीवाल्याला "पुढच्या फेरीला" सांगतो.

ओरेगावकर · शुक्रवार, ११:३०

(कोरेगाव नव्हे, ओरेगन. पोर्टलंडपासून जवळ.)

तळकोकणींच्या प्रतिसादाला +१. इथे जंगलातल्या रस्त्यांचा नकाशाच सरकार देतं. फॉरेस्ट सर्व्हिसने २००५ च्या नियमानंतर प्रत्येक राष्ट्रीय वनासाठी असा नकाशा काढलाय; कुठल्या रस्त्यावर कुठलं वाहन, कुठल्या महिन्यांत, ते त्यात असतं. कागदावर फुकट मिळतो, दिसायला अगदी रुक्ष, काळा-पांढरा. नकाशात नाही म्हणजे बंद. रस्ता समोर दिसत असला तरी बंद. आपल्याकडे असं काही निघालं तर गावकरी आणि बाईकवाले दोघांचीही डोकेदुखी संपेल.

माझ्याकडे यामाहा टीडब्ल्यू २०० आहे. १९८७ पासून जवळजवळ आहे तशीच विकतात: १९६ सीसी, कार्ब्युरेटर, मागे १८० मिमी रुंद जाडजूड टायर, सीट ७९० मिमी. हसण्यासारखी दिसते. सव्वाशे किलोच्या आसपास. कॅस्केड्सच्या जंगलात वादळानंतर झाडं रस्त्यावर आडवी पडलेली असतात. खोड कमरेच्या उंचीवर असलं तर गाडी एका कुशीवर झोपवायची आणि खालून ओढून पलीकडे न्यायची. आमच्या ग्रुपात एकाकडे बाराशेची गाडी आहे. तो खोड दिसलं की मागे फिरतो आणि चाळीस मैलांचा वळसा घालून येतो, आम्ही तोवर डबा खाऊन घेतो.

इथले मराठी लोक मात्र विचारतात, "एवढ्या पगारात ही गाडी?" ते इकडेही सुटत नाही.

हायवेकर · शुक्रवार, १४:०८

बरं, जंगल आणि धनगरवाडा तुम्हाला दिला. आता स्पितीवर या. धाग्याच्या नावात आहे. तिथल्या कुंझुम खिंडीत हवा जवळजवळ निम्म्यावर येते. १९ हॉर्सपॉवरचं काय उरतं? माझ्या ४११ ची दम लागून चौदा-पंधरा तरी उरते.

गडवाट्या · शुक्रवार, २१:५५

रास्त प्रश्न. कुंझुम खिंड ४,५५१ मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ५७ टक्के. म्हणजे १९ चे अकरा-बारा धरा, तुमच्या २४ चे चौदा. पण वजनही हिशेबात घ्या. गाडी, माणूस, सामान मिळून मी अडीचशे किलो वर नेतो, तुम्ही तीनशेच्या वर. चढताना दोघेही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच असणार आहोत. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, एका दाताने कमी केलं, समजा १४ चं १३, तर चढावर साडेसात टक्क्यांच्या आसपास जोर वाढतो आणि तेवढाच हायवेचा वेग जातो. हायवेचा वेग आपल्याकडे तसाही नव्हता.

मनालीहून स्पितीला जाताना ग्रांफूपासून बातलपर्यंतचा पट्टा मुख्य. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांग खिंडीतला चिखल टळला, पण बोगद्यातून बाहेर पडून ग्रांफूहून छत्रूकडे वळलं की नाले सुरू होतात. ते हिमनदीचं पाणी. सकाळी सातला घोट्याएवढं असलेलं दुपारी दोनला गुडघ्यापर्यंत येतं, कारण वर ऊन पडून बर्फ वितळत असतं. म्हणून त्या टप्प्यावर पहाटे निघायचं, मोठी गाडी असो की छोटी.

नाल्यापाशी थांबून आधी पायाने चालत जाऊन या. तळाचे दगड नारळाएवढे, गोल आणि गुळगुळीत असतात. पाणी जिथे पसरट आणि खळखळतंय तिथे उथळ असतं, जिथे शांत आणि काळपट दिसतंय तिथे खोल. पहिला गिअर, थोडा क्लच, एकसारखा थ्रॉटल, नजर पलीकडच्या काठावर. मध्येच थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमध्ये पाणी शिरायला जागा होते. आणि नाहीच धीर झाला तर इंजिन चालू ठेवून, उतरून, प्रवाहाच्या वरच्या अंगाला स्वतः राहून गाडी चालवत न्यायची. वरच्या अंगाला एवढ्यासाठी की गाडी आडवी झाली तर आपल्यावर पडू नये, प्रवाहाकडे जावी. हा पर्याय हलकी गाडी असेल तरच आहे. जड गाडीला तिथे पहिल्याच प्रयत्नात पार व्हावं लागतं.

पेट्रोलची काळजी तर अजिबात नको. टाकी १३ लिटरची, पस्तिसाच्या आसपास देते. मनाली ते काझा दोनशे किलोमीटर, आणि काझाला पंप आहे, ३,७४० मीटरवर. पाठीला जेरीकॅन बांधून फोटो छान येतो एवढंच.

सामान मात्र बारा किलोच्या वर नेऊ नका. आणि कडक पेट्या नकोत. गाडी पडताना पाय बाहेर टेकतो, गाडी पुढे सरकते आणि पेटी मागून पोटरीवर येते. कापडी बॅग दबते, पेटी दबत नाही.

हायवेकर · शुक्रवार, २२:२०

नाला चालवत पार करायचा मुद्दा मान्य. बाकी माझी ४११ मी विकत नाहीये. बायको मागे बसते आणि नकाशा बघते. तुमच्या गाडीवर नकाशा कोण बघतं?

जुना राजदूत · शनिवार, ०७:१५

नकाशा? दूधवाल्याच्या मागे जायचं.

मुक्ता_नाशिक · रविवार, १८:४०

अपडेट. दुसऱ्या शोरूममध्ये गेले. टेस्ट राइडला दिली, वर "मॅडम, सावकाश" असं फक्त तीनदा म्हणाले. मग मैत्रिणीच्या भावाची एक्सपल्स आमच्या सोसायटीत आणवली आणि पार्किंगमध्ये जुन्या गादीवर मुद्दाम आडवी केली. भाऊ हे बघून निम्मा झाला. पहिल्या प्रयत्नात गाडी गादीसकट सरकली. दुसऱ्यांदा हँडल पूर्ण वळवलं, पाठ लावली, मागे चालत गेले, आणि आली की वर! तेवढ्यात वॉचमनकाका धावत आले आणि माझ्या हातून गाडी काढून घेऊन पुन्हा पाडली. मग त्यांना उचलून दिली.

बुक करतेय. दोन प्रश्न: मागचा रॅक कंपनीचा घ्यावा की बाहेर वेल्ड करून? आणि जव्हार-मोखाड्याच्या बाजूला कच्चे रस्ते कुणाला माहीत आहेत का, जिथे विचारून जाता येईल?

पान्हा_पक्कड · रविवार, १९:०५

वेल्ड केलेला नको. फ्रेमला वेल्डिंग लावलं तर तिथली पोलादाची ताकद जाते आणि नेमकं तिथंच तुटतं. बोल्टने बसणारा घ्या, बोल्ट सैल होऊ नये म्हणून त्याला थ्रेडलॉक लावा, पहिल्या शंभर किलोमीटरनंतर परत आवळा. आणि रॅकवर सामान कमी, सीटवर जास्त. वजन जितकं मागे जाईल तितकं पुढचं चाक चढावर हलकं होतंय.

तळकोकणी · रविवार, २१:३०

मोखाड्याकडचे एक मित्र आहेत, पाड्यांवर शाळेत शिकवतात. त्यांना विचारून व्यक्तिगत निरोप करतो. जाताना पेन्सिली न्या, ते दरवेळी तेच मागतात.